तळहातावरची गोळी

१२ जाने. ७४, सातारा
पाचगणीच्या शाळेत थंडीत गरम पाण्याच्या रांगेत लिली आणि मी एकच मफलर दोघींच्या गळ्यात गुंडाळून उभ्या असायचो. लांब टोक नेहमी तिच्याकडे. आता नर्सची नोकरी संपवून ती साताऱ्याला आलीय. आज व्हरांड्यात बसून ह्यांना समजावत होती: पायाच्या दुखण्यासाठी घेता ती अफू एकदम सोडायची नाही, गोळी हळूहळू लहान करायची. मेजरसाहेब शाळकरी पोरासारखे ऐकत होते. माझं कधी ऐकलं?

१९ जाने.
गुळात गोळी मीच वळते. संध्याकाळी तळहातावर धरते, हे तिथूनच ओठांनी उचलतात. एवढाच लाड उरलाय आमच्यात. आणि लिली म्हणते, "शालू, लहान कर. फार दुखलं तर तिथंच थांब, मला सांग."
वाळूच्या पिशवीने शेक, मग फाटकापर्यंत चालणं. तिच्या हाताचा आधार घेऊन. खिडकीत उभं राहायलाच नको होतं.

३ फेब्रु.
जांभया, नाक वाहतंय, चिडचिड. होईल म्हणाली होतीच.
"लय ठणकतंय गं शालू. आज पहिल्यासारखी दे. लिलीबाईंना कशाला सांगायचं?"
लिलीला न सांगता! किती बरं वाटलं. वळलीसुद्धा, पहिल्याएवढी. पण तिचे धडे मी स्वयंपाकघरातून ऐकलेत, ऐकत नसल्यासारखं दाखवून. सवय कमी झालेल्या अंगाला जुनं माप झेपत नाही, झोपेत श्वास थांबू शकतो.
मोडली. लहान दिली. हे रुसले.

४ फेब्रु.
ह्यांनी तिच्याकडे माझी तक्रार केली. "आमचं सरकार कडक आहे हो!" दोघं हसली. मी चहा ठेवायला आत.

१७ फेब्रु.
भूक परत आलीय. रात्री झोप लागते. दिवसभर "लिलीबाई म्हणतात". देवा, आनंद का होत नाही पुरता?
लेकीचे, नंदाचे दिवस भरत आले. हे बाळंतपण तिच्या घरी, सांगलीलाच. मला जायला हवं.

२० फेब्रु.
उद्या सकाळची गाडी.
वाळूची पिशवी व्हरांड्यात, ह्यांच्या हाताशी.
अफूची डबी आणि कपाटाची किल्ली लिलीला. ह्यांनी कितीही मागितली तरी ह्यांना नाही.
गूळ फडताळात, वरच्या बरणीत. गोळ्या आता तिनेच वळायच्या.
राखाडी मफलर ह्यांना. लिलीला नाही.
गोळी वाटीत घालून दे, असं तिला सांगितलंय. तळहाताचं बोलले नाही. वाटीतून घेतली नाही तर हे स्वतःच सांगतील का तिला तळहाताचं…