विद्यापीठाची ओळख

मंगळवार, संध्याकाळ. गडचिरोली.

आमच्या छोट्या कॅथलिक विद्यापीठाची ओळख लिहायचं काम सिस्टरांनी माझ्यावर टाकलं. वेबसाइटसाठी, एकच पान. चॅपल, ग्रंथालय, नर्सिंगचे वर्ग, मुलींचं वसतिगृह, सगळं भराभर लिहिलं. शेवटी लिहिलं, ‘येथे प्रत्येक विद्यार्थिनीकडे वैयक्तिक लक्ष दिले जाते.’

तेवढ्यात करिश्माचे वडील तिची पेटी न्यायला आले. मार्कंड्याकडचे, नदीत मासे धरणारे. करिश्मा माझ्याच वर्गातली. पंधरा दिवसांपूर्वी मलेरियानं गेली.

“मॅडम, ताप हाये म्हून तिनं कोनाले सांगतलं नाई का?”

सांगितलं होतं. मलाच. परीक्षेच्या आदल्या दिवशी शाल पांघरून दारात उभी होती. उद्याचा पेपर दे, मग घरी जा, म्हटलं मी. कपाळाला हातसुद्धा लावला नाही. वैयक्तिक लक्ष! कुठल्या हातानं लिहिलं मी हे?

खोटं बोलता आलं असतं. शेजारी उभ्या असलेल्या सिस्टरांनाही हे ठाऊक नव्हतं.

“भाऊ, मलेच सांगतलं होतं तिनं. मीच थांबवलं तिले.”

त्यांनी वाकून पेटीची कडी लावली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“पेपर कसा गेला तिचा?”

“अजून तपासला नाई.”

“तपासा अन् मले सांगा,” म्हणाले, आणि पेटी खांद्यावर घेऊन निघून गेले.

आत्ता तिचा पेपर काढलाय. पहिली दोन पानं नेटकी, बरोबर. तिसऱ्या पानावर अक्षर खाली घसरत जातं. पुढे सगळं कोरं.