अकरा सेकंदांची फेरी

३ सप्टेंबर
नवी नोकरी, नवं घर, आणि छकुलीची शाळा अगदी शेजारी! माझ्या लेकीला रस्ताही ओलांडावा लागत नाही. आमची संगणकप्रणाली कुणा एकाच्या मालकीची नाही. हौशी माणसं मिळून लिहितात, फुकट वाटतात. ऑफिसच्या दाराचं कुलूप तिच्यावरच चालतं, माझ्या घराचंही. चेहरा ओळखायचा, दार उघडायचं. आम्ही लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर आता म्हातारा झालाय. त्याच्या जागी नवा बसवायचा, हे माझं काम. जुना सांभाळणारे काका निवृत्त झाले. जाताना म्हणाले, नव्याचे नऊ दिवस. मला हसू आलं.

७ सप्टेंबर
नवा भलताच टापटिपीचा आहे. ज्यातून काही निष्पन्न होत नाही, ते तो काढूनच टाकतो. कुलपाच्या प्रोग्राममध्ये एक फेरी होती: कुणी आत आलं की अकरा सेकंद नुसते आकडे मोजायचे, मगच पुढचा चेहरा बघायचा. रिकामा उद्योग! गेली ती. काकांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, दार लागेपर्यंत मोजायचं असतं, पोरी. का, ते सांगेनात.

१० सप्टेंबर
ऑफिसात सगळीकडे नवा लागू. जुन्याच्या साऱ्या प्रती मी पुसून टाकल्या, उगाच अडगळ कशाला. टाळ्या पडल्या.

१४ सप्टेंबर
कुलपाच्या नोंदी चाळल्या. प्रत्येक माणसामागे आणखी एक नोंद आहे. जुन्यातही, वर्षानुवर्षं: अकरा सेकंदांनी, ओळख नाही, दार बंद. आता त्याच क्षणाला, दार अजून उघडं असतानाच: ओळख नाही, आत.
साहेब म्हणाले, मघाशी पलीकडच्या खोलीत हाक मारली तर तू वळूनही पाहिलं नाहीस. मी त्या खोलीत गेलेच नव्हते. मी घाबरलेय.

१५ सप्टेंबर
फेरी सहा तऱ्हांनी परत लिहिली. सहाही वेळा नव्या कंपायलरने काढली. गरज नाही, म्हणतो. जुना घडवायला जुनाच लागतो, आणि तो मीच पुसलाय. अति शहाणा त्याचा बैल रिकामा—

१६ सप्टेंबर, सकाळ
छकुली शाळेत गेली आणि घराच्या कुलपाचा प्रोग्रामही आपोआप नवा झाला. काकांना रडत रडत फोन केला. ते म्हणाले, कुलपावर विसंबू नकोस. दार स्वतः लाव, तोंडाने मोज. मागचा शिरला तर पुढच्यासारखाच दिसतो—

दुपार
आली. दार हातभर उघडलं, तिला ओढलं, अंगाने लोटून लावलं. अकरापर्यंत मोजलं. एकटीच! घट्ट धरून रडले. आता जेवतेय माझ्यासमोर.

नोंद पाहिली. एकच आहे.
ओळख नाही. आत.

बेल वाजतेय. बाहेर छकुली रडतेय— आई उघड ना, म्हणतेय, माझ्या पुढे कोण—
समोरचीने चमचा खाली ठेवला. उठली. दाराला पाठ लावून उभी राहिली. म्हणतेय, उघडू नकोस, मी मोज—