पटावरची प्रगती

सूर्यमाळ, मंगळवार

तीर्थरूप पुंजादादास,

लाडकीचा वाकून नमस्कार. पत्र बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहायला बसले. कल्याणची हवा कशी आहे? वहिनींचा खोकला थांबला का? (काढा पाठवला होता तो तूच प्यायलास, हे मला कळलंय.)

तर दिवाळीनंतर आमच्या आश्रमशाळेत पहिलीला एक पोर आली. आईबाप वीटभट्टीला गेलेले, जामसरची आजी तिला सोडून गेली. पटावर नाव प्रगती. दोन आठवडे ही प्रगती एक अक्षर बोलली नाही. हाक मारली तरी वळायची नाही, भिंतीकडे तोंड करून बसायची. मी पडले अधीक्षिका, म्हणजे ऐंशी मुलींची आई (सरकारी आदेशाने), मला काळजी लागली. आमचा स्वयंपाकी ढवळू म्हणाला, कानाचं असेल, आत्ता बघतो. आणि सकाळी अकरा वाजता तिच्या पाठीमागे जाऊन त्याने जेवायला बोलावतात तशी परात बडवली. पुढच्या क्षणाला सगळ्या मुली ताटं घेऊन रांगेत, आणि गुरुजी खडू धरून वर्गात एकटे! रांगेत सगळ्यात पुढे ही. म्हणजे कान ठणठणीत.

मग शहरातून समुपदेशक मॅडम आल्या. मायाळू होत्या, पण बोलणं पुस्तकातलं. त्यांनी तिला घराचं चित्र काढायला सांगितलं. हिने एक खोली काढली, खिडकी नाही, आत नऊ माणसं, एक शेळी आणि कोंबड्या. मॅडमनी वहीत लिहिलं, ‘गर्दी, भीती.’ पण दादा, ते आपलंच घर होतं रे! कुडाच्या भिंती, फटीतून येणारं ऊन, आई नागलीची भाकरी थापायची आणि पहिली कोणाला यावरून आपण भांडायचो (शेळीसुद्धा भांडायची). तिथे भीती कसली? भीती वाटली ती शाळेत. आठवतं? लाडकी हे काही नाव नव्हे म्हणून गुरुजींनी मला ललिता केलं. त्यांनी ‘ललिता’ पुकारलं आणि ही नवी कोण आली म्हणून मीच मागे वळून बघत राहिले. छडी उगारलीच होती, तेवढ्यात चौथीतून तू धावत आलास. “गुरुजी, तीच ती! तिला ठाऊक नाय!” छडी तुला बसली, वर्ग सोडल्याबद्दल. पुढे महिनाभर जेवताना माझ्या शेजारी बसून तू मला सगळं आपल्या बोलीत समजावलंस. (माझी उसळही खाल्लीस. विसरले नाही.)

गेल्या गुरुवारी पोरीची आजी (नाव सुकी) आली. मी म्हटलं, “आजी, प्रगती बोलतच नाही हो.”

“परगती कोन?”

मी बोट दाखवलं.

“ती? ती फागू हाय!” म्हातारीने अंगणातूनच हाक मारली आणि पोर अशी धावत सुटली की वाटेतली बादली सांडली. मग तासभर बोलत होती. निम्मं मला कळलं नाही. (आपली बोली मी इतकी विसरले, याची लाज वाटली.) जाताना म्हातारी म्हणाली, “पोर मुकी नाय बाई. तिला कोनी हाकच नाय मारली.”

आता ती सगळ्यांची फागू आहे. काल तिने ढवळूला वरणात मीठ नसल्याचं तोंडावर सांगितलं. तो रुसलाय.

मुलांना आशीर्वाद.

तुझी धाकटी,
लाडकी

ता. क. – पटावर प्रगती कोणी लिहिलं म्हणून चिडू नकोस. मीच लिहिलं. प्रवेशाचा कागद भरताना वाटलं, फागू नावाला पोरी हसतील, आणि मग ऐंशी पोरींच्या गडबडीत खरं नाव मीच विसरले.

ता. ता. क. – खरं काम राहिलंच. तिचे आईबाप भिवंडीकडच्या भट्टीवर आहेत, तुझ्यापासून तासाभरावर. बापाचं नाव मंगळू. भट्टीचा पत्ता पाकिटावर मागे लिहिलाय. नाव बदलायचा अर्ज सोबत आहे, त्यावर त्याचा अंगठा घे. आणि तुझ्या फोनवरून तिच्या आईला बोलायला लाव. दिवाळीपासून पोरीने आईचा आवाज ऐकलेला नाही. रविवारी दुपारी चारला फोन येणार, असं मी फागूला सांगून बसले आहे.