गाडीच्या निदानासाठी वन्सं हव्यात

आदरणीय वन्संना,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे तो कागदावरच घालते आहे, गोड मानून घ्यावा.) तुमचा रक्तदाब, तुमची मांजर आणि शेजारणीशी चाललेलं तुमचं भांडण, सगळं ठीक असेल अशी आशा आहे. मागच्या खेपेला जाताना माझ्या स्वयंपाकघराबद्दल तुम्ही जे बोललात, ते मी केव्हाच विसरले. ("हे डबे आहेत की अडगळ" हे तुमचे शब्द.)

पत्राचं कारण आमची जुनी गाडी. तिला विजेचं दुखणं जडलंय, आणि तेही भलतंच लबाड. मनात येईल तेव्हा दिवे मंदावतात, डावा इंडिकेटर द्यावा तर वायपर फिरतात आणि भर चौकात इंजिन मान टाकतं. मागचे हॉर्न वाजवतात. माझा वाजत नाही, त्यामुळे मला तोंडानेच उत्तर द्यावं लागतं. गॅरेजात नेली की मात्र ही बया ठणठणीत! (डॉक्टरांसमोर तुमचे बंधू होतात तशी.) इलेक्ट्रिशियनने आधी बॅटरी बदलली, मग अल्टरनेटर, मग अख्खा फ्यूजबॉक्स, आणि शेवटी मलाच विचारलं, "मॅडम, तुम्ही नीट चालवता ना?" आयुष्यभर मुलींना भौतिकशास्त्र शिकवलेल्या बाईला हा प्रश्न!

तुमचे बंधू तर टपूनच बसलेत. डोळ्यांमुळे स्वतः चालवणं सुटल्यापासून गाडी त्यांच्या डोळ्यांत खुपते. शनिवारी भंगारवाल्याला बोलावलंय. म्हणजे माझं वाचनालय, मैत्रिणींकडचा पत्त्यांचा डाव आणि (स्पष्टच लिहिते) तुमच्या बंधूंपासून घटकाभर लांब राहायची सोय, सगळं एका फटक्यात बंद.

म्हणून मीच डोकं लढवलं. गाडी बंद पडते कधी? पावसात नाही, उन्हात नाही, खड्ड्यातही नाही. आमचं भांडण झालं की पडते. कारण भांडण झालं की मी तरातरा जाऊन गाडीत बसते आणि दार आपटते. त्या दणक्याने कुठली तरी वायर सुटत असणार. इलेक्ट्रिशियनला घरी बोलावून हे सांगितलं, तर म्हणाला, आपटून दाखवा. तिथेच घात झाला. आमच्या कॉन्व्हेंटात सिस्टरांनी दार लावायला छडी घेऊन शिकवलं होतं: मूठ धरा, टेकवा, सोडा, आवाज नको. परक्या माणसासमोर माझा हात उठेचना. त्याने स्वतः आपटून पाहिलं, पण लोकांची गाडी म्हणून बेतानेच. त्यात राग कुठला? मग ठरलं, आम्ही त्याच्यासमोर भांडायचं. तुमचे बंधू खाकरून म्हणाले, "तू जरा हट्टी आहेस." मी म्हटलं, "असेन." ते म्हणाले, "तसा मीही आहे म्हणा." मी म्हटलं, "छे, तुम्ही कुठे!" लग्न झाल्यापासून इतकं गोड आम्ही बोललो नव्हतो. गाडी अर्थातच झकास चालू.

बाकी सर्व क्षेम.

तुमची,
भावजय

ता. क. मूळ मुद्दा राहिलाच. शनिवारच्या आत याल का? तुम्ही फक्त मागच्या सीटवर बसायचं आणि नेहमीसारखं बोलायचं. मुद्दाम काही करू नका, डब्यांचा विषय पुरेसा आहे. तुमच्यासमोर मला सिस्टर आठवत नाहीत, हा अनुभव आहे.

ता. क. पुन्हा. पाकीट चिकटवण्याआधी हे पत्र तुमच्या बंधूंनी वाचलं. "माझ्या बहिणीला तू अवजार समजतेस?" इथून सुरू झालेला विषय आमच्या लग्नातल्या फोटोंपर्यंत गेला. (तुम्ही माझ्यापुढे उभ्या राहिलात, तेच फोटो.) मी तरातरा खाली गेले आणि दार असं आपटलं, की सिस्टर स्वर्गात दचकल्या असतील. इलेक्ट्रिशियन अजून खालीच, बॉनेटमध्ये डोकं घालून होता. त्याच्या हातातल्या टेस्टरचा दिवा फट्‌कन विझला. दाराच्या खांबाशी, गालिच्याखाली, अर्थची वायर बॉडीला जोडणारा बोल्ट सैल होता. आवळला. दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत. तुमच्या बंधूंनी तोंड पाडून भंगारवाल्याला नको म्हणून कळवलं. तेव्हा येण्याची तसदी घेऊ नये.

ता. क. शेवटचा. इलेक्ट्रिशियन म्हणतो, दुरुस्ती पक्की झाली का, हे तसंच जोरात दार आपटल्याशिवाय कळायचं नाही. आणि तुमचे बंधू भंगारवाल्याला फोन केल्यापासून माझ्याशी अक्षर बोलत नाहीत, भांडणार कुठून? तेव्हा याच. आणायला मी गाडी घेऊन येते. परतीचं बघू.