मोटारीत शिकलेली प्रार्थना

दि. ४ मार्च

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. आम्ही सर्व कुशल; तुम्हा उभयतांचे क्षेम कळावे.

विशेष असे, की माझ्यावर एक संकट कोसळले असून त्यास तुझा नवरा जबाबदार आहे.

परवा सकाळी मी माझ्या खोलीत नित्याची प्रार्थना म्हणत होतो. त्याच वेळी नातीने स्वयंपाकघरात मोबाईलवर कुठलेसे जुने गाणे लावले. दोन कडवी होईतो माझ्या ध्यानात आले, की ते गाणे आणि मी पावलाला पाऊल लावून चाललो आहोत. मी जिथे श्वास घेतो तिथेच गायिका श्वास घेते. आत्मा अविनाशी आहे असे मी म्हणतो, नेमकी तिथे ती खिडकीत उभी राहून ओले केस झटकते. सूनबाई हातातले भांडे खाली ठेवून आल्या आणि मोठ्या अदबीने म्हणाल्या, की मामंजी, आता तुम्ही थांबलात तरी चालेल, पुढचे तिला येते.

गाणे ओळखलेस ना? सेहेचाळीस वर्षांपूर्वी आपण आत्याला भेटायला मोटारीने निघालो होतो. पुढे तू, मागे मी, आणि चालवायला माझा वर्गमित्र, म्हणजे आजचे तुझे मिस्त्री. टेप यंत्रात अडकून बसली आणि जाता-येता चार दिवस तेच एक गाणे. ते कानी पडू नये म्हणून मी डोळे मिटून मोठ्याने प्रार्थना म्हणत राहिलो. जे झाकायला गेलो, तेच कंठात शिरले! अख्खे इंजिन खोलणाऱ्या माणसाला एक टेप सोडवता येऊ नये?

हसू नकोस. प्रार्थनेची मूळ चाल वडिलांची. त्यांना ती त्यांच्या वडिलांनी दिली. या महिन्याच्या अखेरच्या रविवारी प्रार्थनामंदिरात माझे पठण ध्वनिमुद्रित होणार आहे. ती चाल माझ्यामागे टिकावी, एवढाच त्यात हेतू. आणि मला तिची एक ओळही आठवत नाही. तीन दिवस बसलो. दर वेळी ती केसवाली बाई आडवी येते. जन्मभर मी देवासमोर काय म्हणत आलो, या विचाराने जेवण गोड लागत नाही.

लोभ आहेच, या पत्रानंतरही तो राहावा.
तुझा दादा

दि. ९ मार्च

ती. दादास,
सा. नमस्कार. वि. वि.

पत्र मी मिस्त्रींना मोठ्याने वाचून दाखवले. ते गॅरेजच्या कपड्यांतच जमिनीवर बसले आणि डोळे पुसायला त्यांनी जे फडके घेतले, त्याने तोंड काळे झाले. ते तसेच राहू द्या, असे मी म्हटले, कारण आता आम्हाला एक कबुली द्यायची आहे.

टेप अडकली नव्हती. रोज मुक्कामाला पोचलो की हे ती बाहेर काढून पेन्सिलीने नीट गुंडाळून ठेवत. गाणे चालू असले की तू डोळे मिटून मोठ्याने म्हणत बसायचास, हे पहिल्या तासातच आमच्या लक्षात आले. मग पुढच्या सीटवर आम्हाला निवांत बोलता येई. तू जितका भक्तीत शिरलास तितके आमचे जमत गेले. परतीच्या घाटात यांनी मला लग्नाचे विचारले, तेव्हा तू सातव्या श्लोकावर होतास. जन्मभर देवासमोर काय म्हटलेस म्हणून विचारतोस. माझा संसार त्यातून उभा राहिला, तेव्हा अगदीच फुकट गेले नाही.

आता जेवायला लाग. वडिलांची चाल माझ्याकडे आहे. ते तुला बाहेरच्या खोलीत शिकवत, तेव्हा मी आत शिवणयंत्रावर असे. मला कुणी शिकवली नाही, पण पाय आपोआप त्या चालीवर पडू लागले. आजवर पोरींचे शेकडो फ्रॉक मी त्याच चालीवर शिवले. शब्द तुझ्याकडे राहिले, चाल माझ्याकडे. सांग, केव्हा येऊ?

रागावलास तरी दोन ओळींत तसे कळवावे.
तुझी धाकटी

दि. १३ मार्च

चि. सौ. धाकटीस,
आशीर्वाद. (मिस्त्रींना तूर्त नाहीत.)

तुझे पत्र वाचून मी प्रथम संतापलो, मग अंगणात दोन फेऱ्या मारल्या, मग पुन्हा वाचले. पहारेकऱ्याला झोपवून चोरी करणारे पुष्कळ ऐकले होते. पहारेकऱ्याला प्रार्थनेला बसवणारे तुम्हीच पहिले!

तत्काळ निघून यावे. शिवणयंत्र आणण्याचे कारण नाही, सूनबाईंचे आहे. मिस्त्रींनी गाडी चालवावी, परंतु गाडीत काहीही वाजवू नये.

वाट पाहणारा,
दादा

दि. ३० मार्च

चि. सौ. धाकटीस व मिस्त्रींस,
दोघांनाही आशीर्वाद.

तुम्ही शुक्रवारी परतलात, त्यामुळे कालचा प्रकार तुम्हाला सांगणे भाग आहे. पाच दिवस तुझ्या पायाकडे पाहत मी चाल गिरवली, ती घट्ट बसली होती. काल सभागृह भरले होते. यंत्रवाल्याने खूण केली आणि मी पहिली ओळ वडिलांच्या चालीत म्हटली. इतकी शुद्ध, की माझेच मन भरून आले.

दुसऱ्या ओळीला सारी मंडळी सामील झाली. तीस वर्षे त्यांना मीच शिकवले आहे, हे मी विसरलो होतो. मी एकटा वडिलांच्या चालीत आणि दोनशे माणसे तुमच्या मोटारीत! म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट सगळे भक्तिभावाने त्या बाईचे केस वाळवत होते. मी आवाज चढवला, त्यांनीही चढवला. तिसऱ्या ओळीला मीही त्यांच्याबरोबर त्याच मोटारीत जाऊन बसलो.

वडिलांची चाल त्या मुद्रणात एका ओळीपुरतीच आहे. म्हणून सुटी लागताच नातीला तुझ्याकडे पाठवतो. तिला यंत्रापाशी बसव. मुद्दाम शिकवू नकोस, फ्रॉक शिव.

एक गोष्ट मात्र मीही कबूल केली पाहिजे. त्या चार दिवसांत मी फार सोसले, असे मी आजवर सर्वांना सांगत आलो. काल म्हणता म्हणता तो घाट समोर आला, उघड्या काचेतून येणारा वारा आला, पुढच्या सीटवरचे तुमचे दबके हसणे आले. धाकटे, सातव्या श्लोकाला पहारेकरी जागाच होता. मला सारे ऐकू येत होते. म्हणूनच मी आठवा म्हटला, नववा म्हटला, आणि घाट उतरेपर्यंत थांबलो नाही.

माया पातळ होऊ देऊ नये.
तुमचा दादा