लिडियासाठी बीट

१० डिसेंबर १९४३
आज मुलींच्या शाळेच्या विहिरीवर लिडियाला घेरी आली, मी तिला सावरलं — आणि तिथंच माझं सगळं बदललं! रेक्टरच्या अंगावर धावून गेलो, कॉलेज सोडून घरी आलो, तेव्हाही असं काही वाटलं नव्हतं. किती गार हात! नखं पांढरीफटक.

११ डिसेंबर
दवाखान्यातल्या मरियाबाई म्हणाल्या, "हिवतापानं रक्त आटलंय पोरीचं. गूळ-शेंगदाणे दे, पालेभाजी दे. अन् तुझ्या मळ्यात मडमबाईंनी लावलेलं बीट सडतंय, ते दे की!"
सडतंय? मिशनचा मळा मी राखतो, आणि सडतंय? भांडणारच होतो. पण ऐकून घेतलं. बीटानं रक्त भरतं, पोट साफ राहतं, थकवा जातो म्हणे.

१४ डिसेंबर
उकडलं, सोललं, खिसलं. दही, मीठ, दाण्याचं कूट. मधल्या सुट्टीत शाळेत डबा नेऊन दिला. "लहानपणी आणायचास, आता मास्तरीण झाले तरी डबा तूच आणायचा का रे?" म्हणाली. सगळं खाल्लं. शेवटी बोट चाटलं!

१९ डिसेंबर, रविवार
काल बीटाच्या पाल्याची भाजी दिली होती, लसूण घालून. आज देवळात उपासनेच्या वेळी तिच्या ओठांना रंग होता. उपदेश कशावर झाला, देव जाणे.

२८ डिसेंबर
तिचं लग्न ठरलं. कोपरगावचा कुणी मास्तर. तिचे वडील याकोब मास्तर देवळाच्या दारात सगळ्यांना सांगत होते. तिला गाठून विचारलं. "बाबांनी शब्द दिलाय, दानीएल." वर बघितलं नाही.
कुदळ घेऊन वाफ्यात शिरलो. सगळं उपटून फेकणार होतो! ती पांढरी नखं आठवली. पाणी धरलं नि परत आलो.

४ जानेवारी १९४४
आज कच्च्या बीटाचा रस. खिसून फडक्यात पिळला, वर लिंबू. मोठा पेला.
"आधी तू पी. रागाच्या भरात विष घातलं असशील!"
अर्धा मी, अर्धा तिनं. हसली.

५ जानेवारी
आई विहिरीवरून पाणी घेऊन आली ती सांगतच — लिडियाला लघवीतून रक्त जातंय! त्यांच्या घरात रडारड. याकोब मास्तर म्हणतात, आजारी पोर कुणाच्या गळ्यात बांधणार नाही. उद्या सकाळच्या मोटारीनं कोपरगावला जाऊन लग्न मोडून येतो.

संध्याकाळी — मलाही तसंच लाल! आधी घाबरलो, मग हसायलाच लागलो. रक्त कसलं! कालचा रस!
आईला सांगितलं. ती उठून दार लावून आली. "गप ऱ्हा. आपसूक मोडतंय, मोडू दे. तुलाच मिळंल ती."
गप्प बसलोय.

६ जानेवारी, सकाळ
ती मरणाला भिऊन जागी असेल, आणि मी रात्रभर आमच्या लग्नाचे बेत करत होतो! मोटार सुटायच्या आत मास्तरांना सांगतो. शिव्या देतील. तिचं लग्न होईल. होऊ दे.
"येडा हाय का तू?" आई विचारतेय.
व्हय. निघालो. दार बाहेरून ओढून घेतो.