तुसाचं दार

३ जुलै
बाथरूमचं दार वाळवीनं खाल्लं. देवयानीनं पडदा लावला आणि नवं दार आणायला सांगितलं. विकतचं आणणार नाही. बँकेतून निवृत्त होऊन चार महिने झाले, पण मेंदू अजून सर्व्हिसमध्ये आहे. भाताचं तूस आणि लाकडाचा भुसा दाबून बोर्ड करायचा. व्हिडिओ पाहिला. सोपं आहे. आधी दार, मग कारखाना.

५ जुलै
नदीपलीकडच्या रामनगरच्या आरा मशीनवरून, म्हणजे लाकूड कापायच्या गिरणीवरून, तीन पोती भुसा आणला. मालक म्हणाला (या हिंदी मुलखात सगळेच गुरुजी), "गुरुजी, दरवाज़ा तो लकड़ी से भी बन जाता है." दूरदृष्टीचा अभाव.

९ जुलै
व्हिडिओत केमिकलचा गोंद. मी मैद्याची खळ वापरली. स्वदेशी, बिनविषारी. हॉट प्रेसच्या जागी दोन भरलेले सिलिंडर आणि पाटा. देवयानी पाटा शोधत होती. मीही थोडा वेळ शोधला.

१३ जुलै
नमुना गच्चीत वाळत होता. माकडांनी निम्मा खाल्ला. एकही आजारी दिसलं नाही. बिनविषारी असल्याचं सिद्ध.

२० जुलै
हिमानीनं मुलगा पसंत केलाय. केयूर, इंदूरचा. त्याचे आईवडील दोन ऑगस्टला आपलं घर बघायला येणार, मगच पुढची बोलणी. पोरगी चार दिवस जेवणात लक्ष देत नाही. देवयानी म्हणते, बाथरूमला पडदा बघून माणसं परत जातील. वर म्हणे, त्यापेक्षा त्यांना आंघोळीला इथल्या अहिल्याबाई घाटावर नेऊ, इंदूरची आहेत, खूशच होतील. अपमान गिळला. दार होणार.

३१ जुलै
दार झालं. रंग दिला, बसवलं. उघडतं, लागतं. थोडं जड. आंबोळीच्या पिठासारखा वास येतो. हिमानी "छान आहे, बाबा" म्हणाली आणि खिडकी उघडली.

२ ऑगस्ट, सकाळी ८.१०
पाहुणे दहाला. शेवटची चाचणी म्हणून आत आंघोळ केली, कडकडीत पाण्यानं. नोंदींसाठी वही सोबत. वाफेनं दार फुगून सगळ्या फटी बुजल्या. उत्तम.

८.४०
दार उघडत नाही. घट्टपणा अपेक्षेपेक्षा जास्त.

९.१५
हिमानी बाहेरून विचारते, तोडू का. अजिबात नाही म्हटलं. वाळलं की उघडेल.

१०.०५
पाहुणे आले. देवयानी दाराशी कुजबुजली, "तुम्ही प्रयागराजला गेलात असं सांगितलंय. हूं की चूं करू नका." आवाजात पूर्वीसारखी माया नव्हती.

१०.५०
केयूरचे वडील श्रीनिवासराव हात धुवायला आले. टकटक केली. मी गप्प. देवयानी म्हणाली, आत कोणी नाही, दार नुसतं अडकलंय. प्रयागराजला असल्यासारखा श्वास घेत होतो. तेवढ्यात ते म्हणाले, "दार कसलं आहे हो हे? प्लायवूड?"
प्लायवूड म्हटल्यावर राहवेना.
"तूस आणि भुसा," मी आतून म्हणालो. "साठ-चाळीस."

३ ऑगस्ट
काल बाहेरून आवाज आला, "बाजूला व्हा." मग श्रीनिवासरावांनी खांदा लावला आणि ते आत आले. दार न उघडता, दारातून. मी टॉवेलमध्ये होतो. अंगावर तूस. नमस्कार केला. त्यांनीही केला. केयूरची आई हसत हसत खाली बसली, तिला बघून हिमानी, आणि शेवटी देवयानीसुद्धा.
लग्न ठरलं. श्रीनिवासराव म्हणाले, आम्हाला देणंघेणं काही नको. चहा झाल्यावर माझ्याकडे बघून पुन्हा म्हणाले, "आणि फर्निचर तर मुळीच नको."
किती निर्लोभी माणसं.